सायकलवरून नित्य प्रवास

सायकलवरून नित्य प्रवास म्हणजे घर आणि कामाचे ठिकाण, शाळा किंवा महाविद्यालय यांदरम्यान ठरावीक वेळी नियमितपणे सायकलने केलेली ये-जा होय. हौस, क्रीडा किंवा पर्यटन यांसाठी केलेल्या सायकल फेरीहून हा प्रवास वेगळा आहे. यात पोहोचण्याची वेळ बांधलेली असते, मार्ग बहुधा तोच असतो आणि सोबत दप्तर, डबा किंवा कामाचे साहित्य न्यावे लागते. वाहतूक नियोजन, सार्वजनिक आरोग्य आणि वर्तनविषयक मानसशास्त्र या तिन्ही शाखांमध्ये या विषयाचा अभ्यास होतो. लोक सायकलने जायला का लागतात, ते सातत्य का टिकवतात आणि का सोडतात, हा या अभ्यासाचा मुख्य प्रश्न आहे. शाळा-कार्यालयांच्या वेळा सकाळच्या असल्यामुळे लवकर उठण्याची सवय हा या प्रश्नाचाच एक भाग ठरतो.

## इतिहास

जर्मन संशोधक कार्ल फॉन ड्राइस यांनी १८१७ मध्ये पायांनी जमीन रेटत चालवण्याचे दुचाकी यंत्र तयार केले. ते आधुनिक सायकलचे पूर्वरूप मानले जाते. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी समान आकाराची दोन चाके आणि मागील चाकाला साखळीने गती देणारी 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. या दोन सुधारणांमुळे सायकल सुरक्षित आणि आरामदायी झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात किमती उतरल्यावर ती युरोपातील कामगार वर्गाचे नित्याचे वाहन बनली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींचा प्रसार झाला आणि अनेक देशांत सायकलचा वापर झपाट्याने घटला. नेदरलँड्सही त्याला अपवाद नव्हता. तेथे १९७१ या एका वर्षात रस्ते अपघातांत ४०० हून अधिक मुले मृत्युमुखी पडली. त्यातून 'मुलांची हत्या थांबवा' या अर्थाच्या घोषणेने एक नागरी चळवळ उभी राहिली. १९७३ च्या तेलसंकटात तेथील शासनाने काही रविवारी मोटारी चालवण्यास बंदी घातली. पुढील दशकांत वेगळे सायकल मार्ग, सुरक्षित चौक आणि रेल्वे स्थानकांवरील वाहनतळ टप्प्याटप्प्याने बांधण्यात आले. आज त्या देशातील एकूण फेऱ्यांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक फेऱ्या सायकलने होतात. आज दिसणारी डच सायकल संस्कृती ही केवळ परंपरेची देणगी नसून जाणीवपूर्वक राबवलेल्या धोरणाचे फलित आहे, असे वाहतूक अभ्यासक याच इतिहासाच्या आधारे मांडतात.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१८ मध्ये ठराव करून ३ जून हा दिवस जागतिक सायकल दिन म्हणून घोषित केला.

## प्रेरणा

### वैयक्तिक घटक

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडलेल्या स्वयंनिर्धारण सिद्धांतानुसार प्रेरणा दोन प्रकारची असते. काम करण्यातच आनंद वाटणे ही आंतरिक प्रेरणा, तर बक्षीस, शिक्षा किंवा लोकलाज यांमुळे काम करणे ही बाह्य प्रेरणा होय. दीर्घकाळ टिकणाऱ्या वर्तनामागे बहुधा आंतरिक प्रेरणा असते किंवा व्यक्तीने मनापासून स्वीकारलेले उद्दिष्ट असते. सायकलच्या बाबतीत सकाळची मोकळी हवा, स्वतःच्या बळावर पोहोचल्याचे समाधान आणि वाहतूक कोंडीपासून सुटका हे आंतरिक घटक ठरतात. इंधनाची बचत, वजन घटवणे किंवा कार्यालयातील स्पर्धा हे बाह्य घटक होत. बाह्य घटक प्रारंभासाठी उपयोगी पडतात. मात्र स्पर्धा संपली किंवा वजन घटले की त्यांचा प्रभाव ओसरू शकतो.

### परिस्थितीजन्य घटक

डेन्मार्कमधील कोपनहेगन महानगरपालिका १९९० च्या दशकापासून सायकल वापराचे नियमित सर्वेक्षण करते. 'सायकल का वापरता?' या प्रश्नाला तेथील नागरिक प्रामुख्याने 'ती जलद आणि सोयीची आहे' असे उत्तर देतात. पर्यावरणाचा विचार हे मुख्य कारण सांगणाऱ्यांचे प्रमाण अल्प असते. या शहरातील नॉरेब्रोगेड या रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला सलग हिरवे सिग्नल मिळावेत, अशी रचना आहे. सर्वांत सोपा पर्याय सायकल हाच असेल, तर रोज सकाळी मनाची वेगळी तयारी करावी लागत नाही, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

अमेरिकेतील पोर्टलंड शहराचे सायकल समन्वयक रॉजर गेलर यांनी २००६ मध्ये नागरिकांचे चार गट कल्पिले. कोणत्याही रस्त्यावर निर्भयपणे सायकल चालवणारे, थोड्या सुविधा असल्यास उत्साहाने चालवणारे, इच्छा असूनही धास्तावलेले आणि कोणत्याही परिस्थितीत सायकल न वापरणारे असे हे गट होत. त्यांच्या अंदाजानुसार सर्वांत मोठा गट तिसरा, म्हणजे इच्छा असूनही धास्तावलेल्यांचा होता. या गटाला इच्छाशक्तीच्या उपदेशापेक्षा वाहनांपासून अलग केलेल्या मार्गाची अधिक गरज असते, असे या वर्गीकरणावरून सूचित होते.

## पहाटे उठणे आणि जैविक घड्याळ

मानवी झोप-जागृतीचे चक्र सुमारे २४ तासांचे असते. त्याचे नियंत्रण मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात असलेला एक सूक्ष्म पेशीसमूह करतो. डोळ्यांत शिरणारा प्रकाश हा या घड्याळाचा प्रमुख मार्गदर्शक आहे. अंधार पडल्यावर मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवण वाढते, तर प्रकाशामुळे ते दबते. या चक्रामागील रेणवीय यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सर्वांचे जैविक घड्याळ एकसारखे चालत नाही. काही व्यक्तींना पहाटे स्वाभाविकपणे जाग येते, तर काहींची कार्यक्षमता रात्री वाढते. या प्रवृत्तीला क्रोनोटाइप असे म्हणतात. ती अंशतः आनुवंशिक असते आणि वयानुसार बदलते. किशोरवयात झोपेची वेळ पुढे सरकते, तर उतारवयात ती पुन्हा अलीकडे येते. त्यामुळे सकाळी उशिरा उठणाऱ्या विद्यार्थ्याला सरसकट आळशी ठरवणे शास्त्राला धरून नाही. शरीराची वेळ आणि समाजाची वेळ यांतील तफावतीला टिल रोनेबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सोशल जेटलॅग' ही संज्ञा दिली. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपून सोमवारी पहाटे उठणाऱ्यांना ही तफावत विशेष जाणवते.

जाग आल्यानंतर काही काळ टिकणाऱ्या सुस्तीला स्लीप इनर्शिया म्हणतात. या अवस्थेत प्रतिक्रिया मंदावतात आणि निर्णयक्षमता घटते. सुस्ती सामान्यतः १५ ते ३० मिनिटांत ओसरते, मात्र झोप अपुरी असल्यास ती अधिक काळ टिकते. गजर बंद करून पुन्हा झोपण्याचा निर्णय याच काळात घेतला जातो. रात्री केलेला निश्चय सकाळी मोडण्यामागे हे एक शारीरिक कारण आहे. वर्दळीच्या रस्त्यावर सायकल चालवण्यासाठी सावधपणा आवश्यक असल्याने, उठताक्षणी बाहेर न पडता मध्ये काही वेळ जाऊ देणे सुरक्षिततेच्या दृष्टीने इष्ट असते.

प्रौढांना रात्री किमान ७ तास झोप आवश्यक असते, अशी झोपेच्या वैद्यकशास्त्रातील तज्ज्ञांची शिफारस आहे. लवकर उठणे म्हणजे झोपेत कपात करणे नव्हे. झोपण्याची वेळ अलीकडे आणणे, हा त्याचा योग्य अर्थ आहे. त्यासाठी पुढील उपाय प्रचलित आहेत.

* झोपेची आणि उठण्याची वेळ एकदम न बदलता दर काही दिवसांनी १५ ते ३० मिनिटांनी अलीकडे आणणे.
* सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ शक्यतो तीच ठेवणे.
* उठल्यावर लवकरात लवकर सूर्यप्रकाशात जाणे. सकाळच्या प्रकाशाने जैविक घड्याळ अलीकडे सरकते.
* रात्री प्रखर दिवे आणि मोबाइलचा वापर मर्यादित ठेवणे.
* सायंकाळनंतर चहा-कॉफी टाळणे. प्रौढ व्यक्तीच्या शरीरातील कॅफिनचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे ५ तास लागतात.

सायकलवरून केलेल्या सकाळच्या प्रवासात प्रकाश आणि व्यायाम हे दोन्ही एकाच वेळी मिळतात. त्यामुळे रात्री झोप वेळेवर येण्यास मदत होते आणि दुसऱ्या दिवशी उठणे सुकर होते. प्रारंभीचे काही दिवस कठीण जाण्याचे आणि पुढे ते सोपे वाटण्याचे हे एक स्पष्टीकरण आहे.

## सवयीची जडणघडण

सवय म्हणजे ठरावीक परिस्थितीत फारसा विचार न करता घडणारी कृती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांच्या दैनंदिन सवयींचा अभ्यास करून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कृती स्वयंचलित होण्यास लागणाऱ्या कालावधीचा मध्यांक ६६ दिवस आला. व्यक्तीव्यक्तींमधील फरक मात्र १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. 'सवय २१ दिवसांत लागते' या लोकप्रिय समजुतीला त्यातून दुजोरा मिळत नाही. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेवर लक्षणीय परिणाम होत नाही, हेही या अभ्यासात आढळले. एका दिवसाच्या खंडामुळे संपूर्ण प्रयत्न सोडून देणाऱ्यांच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी केवळ उद्दिष्ट ठरवणे आणि कृतीची नेमकी योजना आखणे यांतील भेद स्पष्ट केला. 'मी सायकलने जाईन' हे उद्दिष्ट झाले. 'सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता चहा घेतल्यावर मी सायकल बाहेर काढीन. पाऊस असल्यास बसने जाईन' ही योजना झाली. वेळ, ठिकाण आणि अडचणीचा पर्याय आधीच ठरलेला असल्यास ऐन वेळी विचार करावा लागत नाही आणि कृती घडण्याची शक्यता वाढते.

घर किंवा नोकरी बदलल्यावर जुन्या सवयींचे दुवे सैल होतात. अशा काळात प्रवासाची नवी सवय लावणे तुलनेने सोपे असते. काही शहरे नव्याने राहायला आलेल्या नागरिकांना सायकल मार्गांचे नकाशे देतात, त्यामागे हाच विचार असतो.

## पूर्वतयारी

सकाळच्या धावपळीत लहान अडथळाही प्रवास रद्द होण्यास पुरेसा ठरतो, म्हणून बहुतेक तयारी आदल्या रात्री केली जाते. टायरमधील हवा, ब्रेक, साखळीचे वंगण आणि दिव्यांची तपासणी, कपडे व डबा भरून ठेवणे, कुलपाची किल्ली जागेवर ठेवणे या गोष्टी त्यात येतात. मडगार्ड, कॅरिअर, घंटी, पुढे पांढरा व मागे तांबडा दिवा ही नित्य प्रवासाच्या सायकलची आवश्यक साधने होत. सामान पाठीवर घेण्याऐवजी कॅरिअरवर लावल्यास घाम कमी येतो.

नव्याने प्रारंभ करणारे बहुधा सुट्टीच्या दिवशी मार्गाची चाचणी घेतात. सर्वांत जवळचा रस्ता नेहमीच सर्वांत चांगला असतो असे नाही. कमी रहदारीचा, थोडा लांबचा रस्ता अनेकदा सोयीचा ठरतो. शहरात सर्वसाधारण सायकलस्वाराचा वेग ताशी १२ ते १८ किलोमीटर असतो. ताशी १५ किलोमीटर वेग धरल्यास ८ किलोमीटरचे अंतर सुमारे ३२ मिनिटांत कापले जाते. सिग्नलवरील थांबे, सायकल लावणे आणि कपडे बदलणे यांसाठी निराळा वेळ राखावा लागतो.

## आरोग्यावरील परिणाम

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेची शारीरिक हालचाल करावी. रोज जाता-येता १५-१५ मिनिटे सायकल चालवल्यास पाच दिवसांत १५० मिनिटे पूर्ण होतात. व्यायामासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, हे या प्रवासाचे वैशिष्ट्य आहे.

ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी ब्रिटनमधील २,६३,४५० व्यक्तींच्या माहितीचा अभ्यास करून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये, मोटार किंवा सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांच्या तुलनेत, कोणत्याही कारणाने होणाऱ्या मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. हा अभ्यास निरीक्षणात्मक होता. सायकल निवडणारे लोक मुळातच अधिक निरोगी असण्याची शक्यता अशा अभ्यासांत पूर्णपणे वगळता येत नाही.

प्रदूषित हवेत सायकल चालवणे हितकारक आहे काय, हा भारतीय शहरांत वारंवार विचारला जाणारा प्रश्न आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासानुसार, रोज अर्धा तास सायकल चालवणाऱ्याच्या बाबतीत हवेतील पीएम २.५ कणांचे प्रमाण दर घनमीटर ९५ मायक्रोग्रॅमपर्यंत असल्यास आरोग्यलाभ वाढत राहतो, तर १६० मायक्रोग्रॅमच्या पातळीला व्यायामाचा लाभ आणि प्रदूषणाची हानी समसमान होतात. ही अनुमाने वार्षिक सरासरीवर आधारित आहेत. हिवाळ्यातील दाट धुरक्याच्या दिवसांना आणि दमा किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तींना ती जशीच्या तशी लागू होत नाहीत.

## भारतातील स्थिती

स्वातंत्र्योत्तर काळात देशात सायकल उद्योगाचा विस्तार झाला. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या हीरो सायकल्समुळे पंजाबमधील लुधियाना हे त्याचे प्रमुख केंद्र बनले. २०११ च्या जनगणनेनुसार शेती व गृहउद्योगांबाहेरील कामगारांपैकी सुमारे १३ टक्के कामगार सायकलने कामावर जात होते. यांतील बहुसंख्यांच्या बाबतीत सायकल हा आवडीचा नव्हे, तर परवडणारा एकमेव पर्याय असतो. बांधकाम मजूर, सुरक्षारक्षक, दूधवाले आणि वृत्तपत्र विक्रेते पहाटेच सायकलवर निघतात. मुंबईचे डबेवाले लोकल गाडीच्या जोडीला सायकलचा वापर करतात. गोव्यात भोंगा वाजवत सायकलवरून पाव विकणारा पोदेर हा पहाटेच्या लोकजीवनाचा परिचित भाग आहे.

तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या प्रारंभी साक्षरता चळवळीच्या निमित्ताने हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. बिहारमध्ये २००६ पासून शाळकरी मुलींसाठी सायकल योजना राबवण्यात आली आणि तिच्यामुळे माध्यमिक शाळांतील मुलींची पटनोंदणी वाढल्याचे अर्थशास्त्रीय अभ्यासांत आढळले. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमांतर्गत मागास तालुक्यांतील गरजू विद्यार्थिनींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. या उदाहरणांत नियमित प्रवासाची प्रेरणा शिक्षण आणि स्वातंत्र्य यांच्याशी निगडित आहे.

### पुणे

पुणे शहर एकेकाळी 'सायकलींचे शहर' म्हणून ओळखले जात असे. विद्यार्थी, कारकून, प्राध्यापक आणि कारखान्यांतील कामगार सर्रास सायकल वापरत आणि पेठांमध्ये तासावर भाड्याने सायकली देणारी दुकाने होती. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना ही मोपेड बाजारात आणली. स्कूटर व मोटारसायकलींचा प्रसार आणि शहराचा भौगोलिक विस्तार यांमुळे पुढील दशकांत सायकलचे स्थान दुचाकी वाहनांनी घेतले. महानगरपालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा तयार केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भाडेतत्त्वावरील सार्वजनिक सायकल सेवा सुरू झाली. ही सेवा प्रारंभीच्या प्रतिसादानंतर टिकली नाही. अस्तित्वात असलेल्या सायकल मार्गांतील तुटकपणा आणि त्यांवरील वाहनांचे अतिक्रमण या तक्रारी कायम आहेत.

केंद्रीय गृहनिर्माण व शहरी कार्य मंत्रालयाने २०२० मध्ये शहरांसाठी सायकलविषयक स्पर्धात्मक उपक्रम जाहीर केला. त्यात पुढे निवडण्यात आलेल्या ११ शहरांत महाराष्ट्रातील नागपूर आणि पिंपरी-चिंचवड यांचा समावेश होता.

## अडथळे

रस्ते अपघाताची भीती हा सर्वांत मोठा अडथळा मानला जातो. पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये दाखवून दिल्यानुसार, ज्या ठिकाणी सायकलस्वारांची संख्या अधिक असते तेथे प्रत्येकाला असलेला अपघाताचा धोका कमी असतो. मात्र संख्या वाढल्याने सुरक्षितता येते की सुरक्षिततेमुळे संख्या वाढते, याविषयी मतभेद आहेत.

भारतीय परिस्थितीत कडक ऊन, मुसळधार पाऊस, चढ, खड्डे, भटकी कुत्री आणि कामाच्या ठिकाणी स्नानगृह किंवा सुरक्षित वाहनतळाचा अभाव या अडचणी येतात. पहाटे किंवा उशिरा सायंकाळी निर्जन रस्त्यांवरून जाताना स्त्रियांना छेडछाडीची भीती असते. सायकलकडे गरिबीचे लक्षण म्हणून पाहण्याची दृष्टीही अनेकांना परावृत्त करते. चढ आणि अंतर यांवर विजेरीवर चालणारी सायकल हा एक उपाय आहे. भारतात २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग असलेल्या अशा वाहनांना विहित अटींवर मोटार वाहनाच्या व्याख्येतून सूट आहे.

## टीका

सायकल प्रवासाचा प्रचार करताना 'पहाटे उठा, निश्चय करा' अशा वैयक्तिक आवाहनांवर भर दिल्यास सुरक्षित रस्ते पुरवण्याची शासनाची जबाबदारी झाकली जाते, अशी टीका होते. दोन पाळ्यांत काम करणारे, लहान मुलांचे संगोपन करणारे किंवा शहराबाहेर दूर राहणारे यांच्यापाशी लवकर झोपण्याची सवलतच नसते. दुसरीकडे, नेदरलँड्समधील रस्ते बदलले ते नागरिकांनी संघटितपणे मागणी केल्यानंतर, याकडेही अभ्यासक लक्ष वेधतात. वैयक्तिक सवय आणि सार्वजनिक सुविधा परस्परांना पूरक ठरतात. रस्त्यावर रोज दिसणारे सायकलस्वार ही सुविधेची मागणी दृश्य करतात आणि सुविधा वाढल्यावर धास्तावलेले लोक त्यांच्यात सामील होतात.

## हेही पाहा

* सायकल
* जागतिक सायकल दिन
* जैविक घड्याळ
* पुण्यातील वाहतूक
* मुंबईचे डबेवाले